भिंतीचा रोल

“फोटो कशाचे काढलेस?” काकांनी विचारलं.

“भिंतीचे,” मी म्हणाले.

फोनवर थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मागे त्यांच्या स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली तेवढीच. मग ते म्हणाले, “बरं. पण आलेत ना?” आणि लगेच पावसाकडे वळले. चिपळूणला किती, पुण्यात किती, वाशिष्ठी कुठवर आली आहे. फोन ठेवला तेव्हा न्हाणीघरातल्या दोरीवर धुतलेला फिल्मचा रोल वाळत होता आणि त्याच्या खालच्या टोकाला लावलेला कपड्यांचा चिमटा हळूहळू गिरकी घेत होता. त्याच्याकडे बघत मी तशीच उभी राहिले. काका रागावले नव्हते. पुढे त्यांनी काही विचारलंही नाही. पण मधले ते दोन-तीन क्षण त्या दिवसापासून माझ्या मागे लागले.

काका नात्याने आमचे कोणी नव्हेत. चिपळूणच्या बाजारपेठेत त्यांचा फोटो स्टुडिओ होता आणि आमच्या घरातला जपून ठेवावा असा प्रत्येक फोटो तिथला. दोन दिवे, मागे धबधबा आणि पांढरा जिना रंगवलेला पडदा, कोपऱ्यात आरसा, आरशाच्या फळीवर पावडरचा डबा आणि कंगवा, खिळ्याला एक काळा कोट. तो कोट पासपोर्ट फोटोसाठी कुणालाही व्हायचा, कारण तो मागून चिमटे लावून आवळलेला असायचा. आतल्या अंधाऱ्या खोलीतून हायपोचा, म्हणजे फोटो पक्का करायच्या रसायनाचा, आंबूस वास यायचा. दहावीच्या फॉर्मसाठी मी तिथल्या स्टुलावर बसले होते ते मला आजही आठवतं. “हनुवटी खाली. अजून जरा. हं, आता श्वास सोड.” श्वास रोखून धर असं सगळेच सांगतात. सोड असं सांगणारा फोटोग्राफर मला पुन्हा कुठे भेटला नाही.

१९७९ साली त्यांनी स्टुडिओ टाकला तेव्हा ते उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची ‘इंदू’ वापरायचे, कधी मिळाली तर पूर्व जर्मनीची ‘ऑर्वो’. कृष्णधवल निगेटिव्हवर अणकुचीदार पेन्सिलीने देवीचे व्रण पुसायचे, डोळ्यांखालची काळी वर्तुळं हलकी करायचे. इंदूबद्दल बोलताना ते अजूनही घरातल्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलतात. “जरा खरखरीत होती, पण चेहरा कधी बिघडवला नाही तिने.” मग कलर आलं, लग्नाचे आल्बम आले, रोल मुंबईला धुवायला पाठवणं आलं, आणि पुढे चिपळुणातच लॅब झाल्यावर तेही थांबलं. त्या सगळ्या वर्षांच्या निगेटिव्ह त्यांनी ठेवल्या होत्या. पाकिटावर नंबर, नंबराची नोंद वहीत, वह्या वर्षवार. माळ्यावर, फळ्यांवर, पत्र्याच्या ट्रंकांत.

२२ जुलै २०२१ ला दुकानात माळ्यापर्यंत पाणी चढलं.

त्या पुराबद्दल मी वेगळं काय सांगणार. चिपळूणचं ज्याचं कुणी आहे त्याने तो पाहिला आहे. मला फक्त त्या पट्ट्यांबद्दल सांगायचं आहे. फिल्मवरचा थर जिलेटिनचा असतो. पाण्यात तो फुगतो, मऊ होतो. ओला असेतोवर त्या पट्ट्या स्वच्छ थंड पाण्यात ठेवून एकेक करून सोडवता येतात. पण तशाच वाळल्या की एकमेकींना आणि पाकिटाला अशा धरून बसतात, की ओढून काढताना चेहराच कागदावर निघून येतो. काकांना हे माहीत होतं. पण त्या आठवड्यात चिपळुणात प्यायच्या पाण्यासाठी रांगा होत्या. निगेटिव्ह बुडवून ठेवायला स्वच्छ पाणी कुणाकडे मागणार? दुकानाचं शटर उघडेपर्यंत आतल्या चिखलात त्यांच्या चाळीस वर्षांच्या विटा झाल्या होत्या. तपकिरी, जड, कडेला रंगाचे ओघळ. त्यांनी त्या घमेल्यातून बाहेर नेल्या आणि रस्त्यावरच्या ढिगावर ठेवल्या. टाकल्या असं काकू म्हणतात. काका ठेवल्या म्हणतात. पुढे वर्षभर माणसं दारी येत राहिली, गाद्या-कपाटांचं उरकल्यावर ज्यांना फोटो आठवले ती. “आमच्या आबांचा एकच होता, तुमच्याकडे निगेटिव्ह असेल ना?” काका म्हणायचे, “होती.”

वाचला तो एक डबा. तो दुकानात नव्हताच, वरच्या मजल्यावर घरच्या फ्रिजमध्ये होता. आइस्क्रीमचा प्लास्टिकचा डबा, झाकणाभोवती चिकटपट्टी, वर बॉलपेनने लिहिलेलं: ‘कोडॅक गोल्ड १००, ३६ चे, २० नग’. खोक्यांवर छापलेली मुदत ११/२००४. एका लग्नसराईसाठी घेतलेल्या मालातले हे उरलेले. पुढच्या सराईला गिऱ्हाइकं सीडीत फोटो मागू लागली, काकांनी कर्ज काढून डिजिटल कॅमेरा घेतला आणि हे वीस रोल ‘लागले तर असावेत’ म्हणून फ्रिजमध्ये राहिले. काकू फ्रिज पुसताना तो डबा उचलायच्या, पुसायच्या, जागच्या जागी ठेवायच्या. पुरानंतर वीज नव्हती ते दिवस त्यांनी तो तांदळाच्या पिंपात पुरून ठेवला. आंबे पिकायला अढीत घालतात, काकूंनी हे पिकू नयेत म्हणून तांदळात घातले. त्यामागे त्यांचा काही अभ्यास नव्हता. पण तांदळाच्या पोटात ऊनपाऊस लवकर शिरत नाही आणि दमटपणाही तांदूळ आधी स्वतः घेतो, तेव्हा त्या घरात याहून चांगली जागा त्या दिवसांत नव्हती असं मला आता वाटतं.

गेल्या मे महिन्यात काकांनी मला बोलावून तो डबा उघडला. दोन रोल काढून स्वतःकडे ठेवले, अठरा माझ्या पुढ्यात सरकवले. मी अजून फिल्मवर फोटो काढते, मुंबईत बोराबाजारातून घेतलेला जुना पेंटॅक्स के-१००० गळ्यात घालून फिरते, हे त्यांना माहीत होतं. पैशांचं विचारलं तर हात हलवला. “जपून वापर,” एवढंच म्हणाले. खोक्यांच्या कोपऱ्यांत तांदळाची पांढरी पूड होती.

मुदत संपलेल्या रोलचं काय होतं हे समजून घ्यायला मला बरीच वर्षं लागली. फिल्ममध्ये चांदीच्या क्षारांचे असंख्य बारीक स्फटिक असतात. प्रकाश पडला की त्यांतल्या काहींवर त्याची खूण उमटते आणि डेव्हलपर फक्त त्यांनाच काळं करतो. पण उन्हाळे, दमट हवा आणि नुसता काळ यांनीही काही स्फटिक फितूर होतात. प्रकाश न पाहताच तो पाहिल्याची साक्ष देतात. मग साऱ्या निगेटिव्हवर एक करडं धुकं चढतं आणि आधी सावल्या त्यात बुडतात. आंब्याच्या झाडाखालचा अंधार, डोळ्यांच्या खोबणी, काळे केस. रंगीत फिल्मचे तीन थर वेगवेगळ्या चालीने म्हातारे होतात, म्हणून कुठे हिरवी झाक येते, कुठे जांभळी. थंडीने हे सगळं मंदावतं. कोडॅक पूर्वीपासून सांगत आली की रोल २१ अंशांच्या खाली ठेवा, बरेच महिने ठेवायचे तर १३ च्या खाली, आणि वर्षानुवर्षं ठेवायचे तर शून्याच्याही बऱ्याच खाली. फ्रिजमधून काढलेल्या लोट्याला जसं बाहेरून पाणी सुटतं तसं ते रोललाही सुटू शकतं, म्हणून दोन-तीन तास बंद डबीतच बाहेर ठेवून मग तो उघडायचा. एक गोष्ट मात्र फ्रिजला जमत नाही. दगडामातीतून आणि आकाशातून सतत येणारे किरण त्याच्या दारापाशी थांबत नाहीत. ते आत शिरतात आणि हळूहळू तेच धुकं चढवतात. जितकी फिल्म वेगवान, म्हणजे जितक्या कमी प्रकाशात भागणारी, तितकी ती लवकर त्याला बळी पडते. वेगाच्या आकड्याने शंभरची फिल्म त्या मानाने चिवट असते, हे माझं नशीब.

या थंडीच्या नादात एक गोष्ट वाचनात आली आणि ती डोक्यातून जात नाही. १८९७ साली आन्द्रे, स्ट्रिंडबर्ग आणि फ्रेंकेल हे तीन स्वीडिश फुग्यात बसून उत्तर ध्रुवाकडे निघाले. फुगा बर्फावर उतरला, तिघे चालत निघाले आणि एका निर्जन बेटावर संपले. १९३० साली त्यांचा तळ सापडला. तेहतीस वर्षं बर्फात पडलेल्या त्या फिल्म स्टॉकहोममध्ये जॉन हर्ट्झबर्ग यांनी धुतल्या आणि त्यांतून ९३ फोटो मिळाले. बर्फावर आडवा पडलेला फुगा आणि त्याच्याकडे बघत उभी असलेली दोन माणसं. तेहतीस वर्षं तो फोटो काढलेला होता आणि कुणीही पाहिलेला नव्हता. पाण्यानेच ठेवला, गोठलेल्या. आणि आपल्याकडे? सिनेमाच्या पेट घेणाऱ्या नायट्रेट फिल्मच्या जागी ॲसिटेटची ‘सुरक्षित’ फिल्म १९४८ पासून आली, आणि दहा वर्षांच्या आत ती सडत असल्याची पहिली तक्रार कोडॅककडे गेली ती भारत सरकारची. आपल्या उष्ण, दमट हवेत तिला व्हिनेगरचा वास सुटला होता. हे वाचलं तेव्हा मला काकांच्या दुकानातली ती ट्रंक आठवली, जिचं झाकण उघडलं की नाकाला झोंबायचं. आम्ही तो वास रसायनांचा समजायचो.

तर, भिंत.

रंगीत निगेटिव्हचा साधारण हिशेब असा, की मुदत उलटून गेलेल्या दर दहा वर्षांमागे प्रकाश दुप्पट करायचा. वीस वर्षं झाली म्हणजे चौपट, म्हणजे शंभरची फिल्म पंचवीसची समजायची. पण हा हिशेब कायम थंड राहिलेल्या रोलचा की कपाटात राहिलेल्या, यावर दहा जणांची दहा मतं. काकांच्या फ्रिजला तर मधल्या भारनियमनाच्या वर्षांत रोज तासन्‌तास बंद राहावं लागलं होतं. कोणता हिशेब धरायचा? सगळे रोल एकाच खरेदीतले, एकाच डब्यात राहिलेले. म्हणजे एक खर्च केला की बाकीच्या सतरांचं वय कळणार होतं. म्हणून मी आईच्या घरामागची भिंत घेतली. खालच्या अर्ध्यात जांभा दगड, वर चुना, एका कोपऱ्यात वाळलेलं काळं शेवाळ आणि मधोमध एक कोनाडा. तिथे उजेड होता, सावली होती, आणि कोनाड्यात मिट्ट अंधार होता. या तिन्ही जागांचे सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी फोटो काढले, प्रत्येक वेळी चार प्रकारे: फिल्म शंभरची समजून, पन्नासची, पंचवीसची, बाराची. छत्तीस. वहीत प्रत्येकाची नोंद. माझ्या हातून आजवर इतकं नीटनेटकं काम क्वचितच झालं असेल आणि त्या दिवशी मला त्याचा अभिमान वाटला होता.

पुण्याला आल्यावर रोल घरीच धुतला. कलरचं डेव्हलपर ३७.८ अंशांवर लागतं, आणि त्यात रोल ठेवायचा सव्वातीन मिनिटं. बादलीत कढत पाणी, त्यात बाटल्या, बाटलीत थर्मामीटर, आणि पारा अर्धा अंश खाली आला की पुन्हा तांब्याभर गरम पाणी. टाकी उघडून रोल उलगडला तेव्हा पहिल्यांदा धस्स झालं. नव्या रोलची निगेटिव्ह फिकट नारिंगी असते, ही काढ्यासारखी दाट होती. पण दिव्यासमोर धरली आणि आत भिंत दिसली. शंभरच्या फ्रेममध्ये कोनाडा सपाट, जणू लिंपून टाकलेला. पन्नासला कड दिसली. पंचवीसला खोली आली. बाराला आतलं कोळ्याचं जाळंही ओळखू येत होतं. वीस वर्षांनी! त्याच आनंदात मी काकांना फोन लावला होता.

मी पुष्कळ दिवस स्वतःची समजूत घालत राहिले, की काकांना चाचणी म्हणजे काय ते कळलं नसावं. पण ते खोटं होतं. नवा माल आला की पहिल्या रोलवर करडा पुठ्ठा आणि स्टुलावर बसवलेला मुलगा यांचे दोन-तीन फोटो काढून, लॅबमधून प्रिंट मागवून, मगच लग्नाला हात लावणारा माणूस तो. त्यांनी हे मला स्वतः शिकवलं होतं. मी भिंत का निवडली हे त्यांना माझ्या आधी कळलं असणार. मग ते गप्प का झाले? मला वाटतं, छत्तीस या आकड्याने. मी छत्तीस वेळा भिंत पाहिली, आणि त्यांच्या लेखी छत्तीस म्हणजे अर्धं लग्न. खेड्यातून आलेल्या कुटुंबाला एक फोटो मिळायचा, एकच, त्यात बाळाने मान वळवली की वळवली. हेच काका एकदा बोलता बोलता मला म्हणाले होते, की रोलवर छत्तीस लिहिलेलं असतं पण अंधारात हात राखून भरला तर सदतीस निघतात, कधी अडतीस. ती सदतिसावी फ्रेम त्यांनी कधी गिऱ्हाइकाच्या हिशेबात धरली नाही. ती ते स्वतःच्या मनाने काढायचे: मांडवामागे भांडी घासणारी बाई, सनईवाल्याचा मुलगा, ओसरीच्या टोकाला बसवून सगळे विसरून गेलेली आजी. प्रिंट काढून पुढच्या खेपेला नेऊन द्यायचे. कित्येकांचा आयुष्यातला एकुलता एक फोटो म्हणजे कुणाच्या तरी लग्नाच्या रोलची सदतिसावी. पुरात त्या पट्ट्याही गेल्या, अर्थातच. टोकाच्या असल्याने त्या पाकिटात सगळ्यांत वर असायच्या.

हे आठवलं आणि मी उठून निगेटिव्हची फाइल काढली. वाळल्यावर मी रोल सहा-सहाच्या पट्ट्यांत कापला होता आणि शेवटी एक तुकडा उरला होता. तो मी पाहिलाच नव्हता, भिंत छत्तिसाव्यालाच संपली होती ना. त्या तुकड्यावर एक अख्खी फ्रेम होती. तेव्हा आठवलं. संध्याकाळी शेवटचा फोटो काढल्यावर रोल सरकवणारा लीव्हर अजून एकदा पुढे गेला होता. त्याच वेळी आई अंगणात वाळत घातलेली आंब्याची साठं आत न्यायला बाहेर आली होती आणि रोल संपवायचा म्हणून मी कॅमेरा तिच्याकडे वळवून खटका दाबला होता. उजेड मोजणारा मीटर पाहिला नव्हता. आधीच्या फ्रेमची, बाराची मांडणी तशीच होती. वहीत नोंद नव्हती. छत्तीस फोटो डोक्यात इतके भरले होते, की “भिंतीचे” असं सांगताना मला हा आठवलाही नाही.

तो स्कॅन केला. एका हातावर सूप तोलून आई दुसऱ्या हाताने साठाची कड उचलून बघते आहे, चिकटतंय की सुटतंय. ऊन कलतं. केसांत हिरवट झाक, साडीचा लाल रंग विटकरीकडे गेलेला, आकाशाला एक पिवळा मेणचट रंग जो त्या दिवशी नव्हता. कण मोठे, रव्यासारखे. पण चेहरा सगळा आहे. कपाळावरचा घाम आहे, खालचा ओठ दातात धरायची तिची सवय आहे. गेल्या दहा वर्षांत मी आईचे फोनवर किती फोटो काढले असतील, त्यांत प्रत्येक वेळी तिला माहीत होतं. यात तिला माहीत नाही, आणि खरं तर मलाही माहीत नव्हतं.

उरलेल्या सतरांचं काय करायचं हा प्रश्न तोवर साधा वाटत होता. वय कळलं होतं, मांडणी कळली होती. पण तुकडा सापडल्यापासून डबा उघडताना हात थबकतो. एकीकडे वाटतं, आता यांतला एकही रोल उगाच जाऊ नये, काहीतरी मोठं, नीट ठरवून काढावं. दुसरीकडे हेही दिसतं, की काकांनीही ‘लागले तर असावेत’ म्हणून ते ठेवले होते, आणि प्रत्येक उन्हाळ्यात त्यांच्या सावल्यांतलं थोडं थोडं आपोआप गेलं. या दोन्ही गोष्टी मला एकाच वेळी खऱ्या वाटतात. एका रविवारी मी डबी बाहेर काढून ठेवली, तीन तासांनी ती गार राहिली नाही तेव्हा कॅमेऱ्यात न भरताच पुन्हा आत ठेवली. तसं करू नये हे माहीत असून केलं.

गणपतीला चिपळूणला गेले तेव्हा फोटो मोठा करून घेतला होता. काकांकडे दुपारची आरती आटोपली होती, घरभर धूप आणि तळणीचा वास. मी पाकीट दिलं. त्यांनी चष्मा मागवला, खिडकीपाशी गेले, फोटो थोडा तिरका धरला. निगेटिव्ह बघायची सवय असलेली माणसं प्रिंटसुद्धा उजेडासमोर धरतात.

“भिंत कुठाय?” त्यांनी विचारलं.

“ही सदतिसावी आहे.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. फोटोच बघत राहिले. मग तो काकूंना दाखवायला आत नेला, आतून काकूंचा आवाज आला, “साठं आहेत वाटतं. जाड घातलीत हो या वेळी.” बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, “किती समजून काढलास?”

“बारा.”

“मग बारावरच काढ सगळे,” ते म्हणाले. “आणि गौरींचं जेवण आहे उद्या आमच्याकडे. पंधरा-वीस बायका असतील. कॅमेरा घेऊन ये.”

काकूंनी प्रसादाची वाटी माझ्या हातात दिली. फोटो त्यांनी फ्रिजवर, दुधाच्या कार्डाशेजारी उभा करून ठेवला होता. रात्री मी डबा उघडून दोन रोल बाहेर काढले, सकाळपर्यंत ते घराइतके कोमट व्हावेत म्हणून.